पोर कुणाचं गेलं?

(पत्राचा गोषवारा: लिहिणारी सव्वीस वर्षांची आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात राहते, डी.एड. झाली आहे, मुलांच्या शिकवण्या घेते. गेल्या पावसाळ्यात ‘पोरं पळवणारी टोळी फिरतेय’ अशी अफवा मोबाइलवरून गावात पसरली. त्याच आठवड्यात पोलिसाचं सोंग घेतलेले दोन बहुरूपी आले. लोकांनी त्यांना धरलं, मारलं, समाजमंदिराच्या खोलीत कोंडलं. एकाचा हात मोडला. पोलीस पोचले म्हणून दोघं वाचले. गावातल्या पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. तिचा भाऊ गर्दीत होता, त्याचं नाव आलेलं नाही. अफवेचा व्हिडिओ बचत गटाच्या ग्रुपवर तिनंही पुढे पाठवला होता. आता गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही. दिवेलागणीनंतर मुलं अंगणाबाहेर सोडत नाहीत, फेरीवाला आला तरी दारं लागतात. होळीनंतरच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या गावच्या उत्सवात, या घटनेवर छोटं नाटक करावं असं तिच्या मनात आहे. मानकरी नको म्हणतात. भाऊ म्हणतो, ‘आपल्याच माणसांना उघडं पाडणार का?’ नाशिकची मैत्रीण म्हणते, ‘आमचा गट येऊन करेल, घाबरू नकोस.’ तिचे प्रश्न असे: नाटक करावं की गप्प बसावं? गप्प बसले तर मी भित्री ठरते का? आणि अडाणी गावाला शहाणं कसं करायचं?)

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून अगं-तुगंनंच लिहिते.

तुझ्या सात पानी पत्रात दोन गोष्टी तू ओझरत्या सांगितल्या आहेस. पहिली, त्या दिवशी चिखलात पडलेली बहुरूप्याची खाकी टोपी तू उचलून घरी आणलीस आणि ती अजून कणगीच्या मागे आहे. दुसरी, भाजी विकणारी एक आजी खोलीच्या दाराला पाठ लावून बसली आणि ‘पोर कुणाचं गेलं ते सांगा’ एवढंच म्हणत राहिली, म्हणून गाडी येईपर्यंत कुणी आत घुसलं नाही. आजीला तू दोन ओळी दिल्यास, तुझ्या भित्रेपणाला दीड पान. मला त्या दोन ओळींबद्दल बोलायचं आहे. पण आधी थोडा वळसा.

‘अडाणी गाव’ हे शब्द तू चार वेळा वापरले आहेस. व्हिडिओ मात्र तूही पाठवलास आणि तू शिकलेली आहेस. हे तुला टोचायला म्हणत नाही. शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसाची भीती त्या दिवशी सारखीच होती, एवढंच दाखवायचं आहे. घरात चार वर्षांची पोर असेल तर ‘पोरं पळवतात’ हे वाक्य डोक्यात शिरत नाही, थेट पोटात शिरतं. तुझ्या भावाच्या पोटात ते शिरलं, तुझ्याही शिरलं. त्यानं काठी उचलली, तू बोटानं ‘फॉरवर्ड’ दाबलं. दोन्ही सारखं नाही, हे खरंच. तरी दोन्हींचं मूळ एका घरातलं, एकाच लेकरावरच्या मायेचं आहे, हे विसरून नाटक लिहिलंस तर ते खोटं होईल आणि पहिल्या पाच मिनिटांत गावाला कळेल की ही आपल्याला शिकवायला उभी राहिली आहे.

व्हिडिओचं वर्णन तू केलं आहेस: गल्लीत खेळणारी मुलं, मोटारसायकलवरचे दोघं, एक मूल उचललं आणि गाडी पसार. २०१८ च्या सुमारास तो देशभर फिरला होता. तो आपल्या देशातला नाहीच. पाकिस्तानात कराचीमध्ये हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं तो जनजागृतीसाठी बनवला होता. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकल परत येते, मुलाला होतं तिथं सोडते, आणि त्या दोघांपैकी एक जण फलक उघडून दाखवतो. मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. कुणीतरी तो शेवट कापला. मुलं सुखरूप राहावीत म्हणून काढलेली चार घटकांची गोष्ट, तिचा शेवट तेवढा गेला, आणि तिनं माणसं मारली.

हा कापलेला शेवट तू मनात ठेव. मला वाटतं, तुझ्या नाटकाचं सगळं काम त्याच्याभोवती आहे.

तुझ्या गावात काय होता होता राहिलं, हेही सांगायला हवं, कारण पत्रात तू ‘तो प्रकार’ म्हणून पुढे जातेस. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जण आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. डौर वाजवत नाथांची गाणी म्हणणारा हा समाज. मुलं पळवणारे समजून जमावानं त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला अशाच अफवांच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून गेले. खोली, कुलूप, गर्दी, तेच सगळं तुमच्याकडे होतं. तुझं गाव त्या रांगेत बसता बसता राहिलं.

या भीतीची माती आपण सगळ्यांनीच भाजून ठेवलेली आहे. ‘जेव, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल.’ हे वाक्य माझ्या आईनं मला म्हटलं, मी माझ्या मुलाला म्हटलं. तूही शिकवणीच्या पोरांना कधीतरी म्हटलं असशील. दारात येणारा पोतराज, नंदीवाला, जोगी, ज्याच्या खांद्यावर झोळी आहे आणि ज्याचं गाव आपल्याला माहीत नाही, तो मुलं नेतो, हे आपण लेकरांना घास भरवता भरवता शिकवतो. मोबाइलवर जे आलं त्याला नव्यानं पटवून द्यायचं काही उरलंच नव्हतं. तीस वर्षांपूर्वी ऐकलेलं वाक्य खरं झालं, एवढंच त्या गर्दीला वाटलं.

आता बहुरूप्याची कला काय होती, ते बघ. मी लहान असताना आमच्या वाड्यात दर वर्षी एक बहुरूपी फौजदार होऊन यायचा. बुटांचा आवाज करत थेट ओसरीवर चढायचा आणि आजोबांना म्हणायचा, तुमच्या नावाचं वॉरंट आहे, चला तालुक्याला. आजोबांना ठाऊक असायचं, तरी एक क्षण त्यांचाही चेहरा उतरायचा. आम्ही पोरं आजीच्या पदरात. मग तो गुन्हे वाचायला लागायचा. सुनेच्या हातचं पिठलं चोरून दुसऱ्यांदा वाढून घेतलं, जावयाला आंबा आंबटच दिला. वाडा हसून लोटपोट व्हायचा. आजी सुपातून ज्वारी आणायची आणि तो टोपी काढून घाम पुसत पाणी मागायचा. टोपी निघाली की आतून एक साधा, दमलेला माणूस बाहेर यायचा.

खाकी दिसली की पोटात गोळा येतो, त्या गोळ्याशीच त्याचा खेळ होता. माणसाला घाबरवायचं आणि हसवून मोकळं करायचं, हे तो दारोदार जाऊन करत होता, मूठभर धान्यावर. तुमच्या गावात दोघांनी गोळ्यापर्यंतचा भाग केला. टोपी काढायची वेळ येण्याआधीच हात उठले. इथेही शेवट कापला गेला.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाटक कर’ असंच आहे. पण तुझ्या मनात जे नाटक आहे, ते नको. पत्राला जोडलेल्या मसुद्यात तू गर्दी दाखवली आहेस, मार दाखवला आहेस आणि शेवटी सूत्रधार गावाला म्हणतो, ‘जागे व्हा.’ गावाला मार माहीत आहे. तो डोळे मिटला की त्यांना दिसतो, म्हणून तर कुणी बोलत नाही. ज्यांनी मारलं ते, ज्यांनी पाहिलं ते, ज्यांनी दार लावून घेतलं ते, सगळे एका शरमेत अडकले आहेत. ही शरम बोलायला जागा मिळाली नाही की ती पुन्हा भीती होते. म्हणून दिवेलागणीनंतर दारं लागतात. बहुरूप्यांची भीती आता कुणाला उरली असेल असं मला वाटत नाही. माणसं आपल्याच हातांना घाबरली आहेत.

तर नाटकाच्या मध्यावर त्या आजीला ठेव.

काय केलं तिनं? भाषण दिलं नाही. गर्दीला माणुसकी शिकवली नाही. दाराला पाठ लावून बसली आणि विचारत राहिली, पोर कुणाचं गेलं? या प्रश्नाला त्या दोनशे माणसांत उत्तर नव्हतं, कारण गावातलं एकही पोर गेलेलं नव्हतं. सगळी घरी होती. पोर पळवल्याच्या संतापानं पेटलेली गर्दी, आणि पळवलेलं पोरच नाही! हे गाव तेव्हा विचारू शकलं नाही. नाटकात विचारू दे. पुन्हा पुन्हा विचारू दे. आजी भाजीची पाटी घेऊन कुठून येत होती, बसताना तिच्या मनात काय आलं, तिला भीती वाटली का, हे जाऊन तिलाच विचार. तू विचारलेलं नाहीस, पत्रावरून कळतं. सात महिन्यांत गावात कुणीच विचारलं नसेल.

आता तुझा भित्रेपणा. दिल्लीचे पथनाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्यापुढे स्वतःला उभं करून तू स्वतःला नापास केलंस. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत पथनाट्य चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. राम बहादूर नावाचा एक कामगारही त्या हल्ल्यात मारला गेला. हे तू लिहिलंस. पुढचं लिहिलं नाहीस. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि त्यांचे सगळे साथी त्याच जागेवर परत गेले आणि अर्धं राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. हजारो माणसं तिथे भोवती उभी होती. मलयश्री एकट्या गेल्या नव्हत्या. धैर्य म्हणजे एका माणसानं छाती काढून पुढे व्हायचं, असं आपण धरून चालतो, आणि मग ज्याच्याकडे तेवढी छाती नाही तो स्वतःला भित्रा म्हणून घरी बसतो. तुझ्यावर खोलीच्या दारात बसायची वेळ आली नव्हती. येईल तेव्हा आजीच्या शेजारी बसणारं दुसरं माणूस तू व्हावंस, तिसरं तुझ्या शिकवणीतल्या मुलाची आई व्हावी, यासाठी तालीम हवी. नाटकाला आपण तालीम म्हणतो ते उगीच नाही.

आणि बोहाडा. मानकऱ्यांचं ‘नको’ तुला भित्रेपणा वाटतो. मला त्यात अर्धं तरी शहाणपण दिसतं. बोहाड्याची रात्र ठरलेली असते. आधी गणपती, सारजा म्हणजे शारदा, मग एकेक सोंग. कुठलं सोंग कोणत्या घराचं, त्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. संबळ वाजत असतो तेव्हा ती माणसं नट नसतात, त्यांच्या अंगावर देव असतो. तिथे मध्येच गावाची कानउघाडणी घुसवली तर देवाच्या जागेवर आपण बसल्यासारखं होईल. त्यांना ते खुपतं आहे आणि ते तसं नीट सांगू शकत नसतील.

पण बोहाड्यातच तुला लागणारी सगळी विद्या आहे. त्राटिकेचं सोंग येतं तेव्हा पोरं किंचाळून मागे पळतात आणि पहाटे तो मुखवटा उतरवून शेजारचा काका चहा पिताना दिसतो. भीतीला चेहरा द्यायचा, तिला गावभर नाचवायचं, आणि पहाटे उतरवून ठेवायचं. हे तुमचं गाव कित्येक पिढ्या करत आलं आहे. एकनाथांच्या भारुडातलं ते भूतही आठव, ‘भूत जबर मोठे गं बाई’. झपाटल्याचीच भाषा घेतात नाथ, देवऋषी, झडपण, सगळं घेतात, आणि शेवटी ते भूत देवच निघतं. ‘भुतांना घाबरू नका’ असं नाथ कुठेही म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याच्या भीतीत उतरतात आणि तिला दुसऱ्या दारानं बाहेर आणतात.

तेव्हा मानकऱ्यांकडे बोहाड्यातली जागा मागू नकोस. दुसरं माग. संबळवाला एका संध्याकाळपुरता माग. मुखवटे घडवणारा कारागीर दोन दुपारी शिकवायला येईल का, ते विचार. आणि बोहाड्यानंतरचा एखादा दिवस माग, रात्र नको, संध्याकाळ, म्हणजे बायका आणि मुलं असतील. ‘तुमची परवानगी द्या’ असं म्हणण्यापेक्षा ‘तुमची मदत लागेल’ म्हण. नाही म्हटलेलं माणूस परवानगीवर पुन्हा नाहीच म्हणतं. मदतीवर मात्र त्याला विचार करावा लागतो.

नाशिकच्या मैत्रिणीचा गट चांगला असेल. पण बाहेरचे कलाकार आले की गाव प्रेक्षक होतं, आणि या गोष्टीत गावाला प्रेक्षक करून चालणार नाही. त्या दिवशी बहुतेक गाव प्रेक्षकच होतं. मैत्रिणीला दोन दिवस तालीम घ्यायला बोलाव, प्रयोग तुम्ही करा. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी रंगकर्मी अतुल पेठे यांच्याबरोबर रिंगणनाट्यं उभी केली. ती करणारे बहुतेक कार्यकर्ते होते, सराईत नट नव्हते. भोवती माणसं गोल बसतात, मध्ये खेळ होतो, पडदा नाही, मंच नाही. वारीतलं रिंगण आपल्या ओळखीचं आहे. गोलात बसलं की समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, आणि तुमच्या गावात सात महिने माणसं एकमेकांचा चेहरा चुकवत आहेत.

खेळ कसा करायचा, त्याचीही एक रीत आहे, ती तुला उपयोगी पडेल. ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांनी ती घडवली. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेला ‘जन संस्कृती’ हा गट गावोगाव तसं काम करतो. एक प्रसंग करून दाखवायचा आणि तो वाईट वळणावर थांबवायचा. मग पुन्हा पहिल्यापासून करायचा, पण या वेळी पाहणाऱ्यांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून आत येऊ शकतं, एखाद्या पात्राची जागा घेऊन वेगळं काही करून बघू शकतं. सल्ला द्यायचा नाही, करून दाखवायचं. तुझा प्रसंग पाच मिनिटांचाच असू दे. बायका नळावर आहेत, कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ येतो, कुणी म्हणतं ‘आपल्याच फाट्यावरचा आहे’, एक अनोळखी माणूस येतो, पाणी मागतो. इथे थांबव. मार दाखवू नकोस. मग विचार, इथे कोण काय करेल?

पहिल्यांदा कुणी उठणार नाही, त्याची तयारी ठेव. म्हणून आपल्या आठ-दहा जणांपैकी दोघांना गर्दीत बसव, ते पहिले उठतील. आणि तालमीत वाक्यं पाठ करून घ्या, अगदी घोकून. गर्दीत शहाणपण सुचत नाही, पाठ असलेलं तेवढं तोंडात येतं. ‘पोर कुणाचं गेलं, नाव सांगा.’ ‘हे कुठल्या गावचं, कुठल्या तारखेचं?’ ‘आधी पोलीस पाटलाला फोन लावा, तोवर कुणी हात लावायचा नाही.’ ‘मी इथं बसते.’ ही तुमच्या बोलीत, तुमच्या शिव्या-ओव्यांच्या भाषेत बसली पाहिजेत. माझ्या पुस्तकी मराठीत ती गर्दीसमोर टिकायची नाहीत. पन्नास माणसांनी ही वाक्यं खेळात एकदा जरी मोठ्यानं म्हटली तरी पुढच्या वेळी त्यांतलं एखादं ओठावर येईल.

शिकवणीतल्या मुलांना नाटकात घेऊ का, असं तू विचारलंस. नको. मोठ्यांची शरम मुलांच्या तोंडून वदवू नये. त्यांच्याबरोबर दुसरं काम कर. प्रत्येकाला गावाचा नकाशा काढायला सांग आणि जिथे भीती वाटते तिथे रंग भरायला सांग. दिवा नसलेला रस्ता निघेल, कठडा नसलेली विहीर निघेल, फाट्यावरचा दारूचा गुत्ता निघेल, कदाचित एखादं घरही निघेल. त्या घराचं नाव कुणी घेतलं तर चारचौघांत काही विचारू नकोस. त्या मुलाला एकटं, शांतपणे ऐक आणि मग १०९८ ला फोन कर. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत बहुतेक वेळा माणूस ओळखीतलाच निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. झोळीवाल्याकडे बोट दाखवता दाखवता आपण आपल्या आळीत बघायचं राहून जातो. बाकीचे नकाशे खेळाच्या संध्याकाळी दोरीवर टांग. आयाबापांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी काहीतरी करायचंच आहे, तर ते हे करू देत. रस्त्यावर दिवा, विहिरीला कठडा, शाळेतून मूल कुणाच्या हाती द्यायचं याचा नियम, ११२ आणि पोलीस पाटलाचा नंबर चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. ही भीतीला दिलेली कामं आहेत, आणि काम मिळालं की भीती बरीच निवते.

एक सावधगिरी. खटला चालू आहे. नाटकात त्या दिवसाचं खरं नाव, खरी जागा, कुणी कुठे मारलं, असं काही येता कामा नये. पात्रं दुसरी, गाव दुसरं, सोंगही पोलिसाचं नको, वासुदेव घे. तू स्वतः साक्षीदार ठरू शकतेस, तेव्हा सुरुवात करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकिलाचा सल्ला घे. स्त्रियांना तिथे तो मोफत मिळतो. काही पाहिलं असशील आणि कुणी विचारलं तर खरं सांगावं लागेल, हेही मनात पक्कं कर. नाटक त्याच्याऐवजी नाही. आणि पाच आरोपींच्या घरी तू जावंस, खेळाचं बोलावणं द्यायला. त्यांच्या बायकामुलांना गाव सध्या कसं वागवतं, हे तू लिहिलं नाहीस, मला त्याची काळजी वाटते.

भावाशी बोलणं सगळ्यात अवघड आहे आणि ते मी तुझ्यासाठी सोपं करू शकत नाही. एवढंच म्हणेन की आधी तुझं सांग. ‘दादा, तो व्हिडिओ मीच पाठवला होता. तू कदाचित माझ्यामुळेच धावलास.’ हे त्याला माहीत आहे का? मग त्याला विचार, तुला तेव्हा घरातल्या पोरीसाठीच भीती वाटली होती ना? तो चिडेल, उठून जाईल, दोन दिवस बोलणार नाही. त्याला नाटकातलं पात्र करू नकोस आणि नाटकात काम करायलाही लावू नकोस. गोलात बसायला जागा ठेव. आला तर आला.

असल्या अफवांच्या दिवसांतून गेलेल्या इतर गावांतूनही मला पत्रं येतात. काही ठिकाणी ग्रामसभांनी ठरवलं आहे की बाहेरून येणाऱ्या भटक्यांची नोंद ठेवायची. हेतू चांगला असेल, पण ‘नोंद’ या शब्दाशी जपून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून पोलिसात हजेरी लावायला लागत होती. १९५२ मध्ये ते संपलं, त्या हजेरीची आठवण त्या वस्त्यांमध्ये अजून आहे. नोंदीपेक्षा गावानं बोलावणं धाडावं. सुगीनंतरचा एक दिवस ठरवावा, वासुदेव, बहुरूपी, डवरी, नंदीवाले यांना सन्मानानं बोलवावं, ठरवून मानधन द्यावं, त्यांचा मुक्काम कुणाच्या ओसरीवर आहे ते गावभर सांगावं. अनोळखी माणसाची ओळख झाली की निम्मं काम होतं.

तुझ्या गावात मात्र इतक्यात त्या दोघांना बोलावू नकोस. ‘त्यांना बोलावून सर्वांसमोर माफी मागू’ ही तुझी कल्पना मनापासूनची आहे, पण त्यांना त्याच मैदानात उभं करून क्षमा करायला लावणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी एक सोंग करून घेणं आहे. क्षमा करायची की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मोडलेला हात आता चालतो का, गेले सात महिने घर कशावर चाललं, हे आधी कळायला हवं. गावानं वर्गणी काढून उपचाराचा खर्च दिला तर तो नाटकापेक्षा आधी द्यावा.

म्हणून सगळ्यात आधी ती टोपी. तिचं काय करायचं, असं तू पत्राच्या मागच्या पानावर, कोपऱ्यात विचारलं आहेस. ती त्याची आहे, त्याच्या पोटापाण्याचं साधन आहे, ती त्याला मिळाली पाहिजे. ती खटल्यात लागणार आहे का, हे वकिलाला विचार. लागणार नसेल तर ठाण्यातून त्यांचा मुक्काम कुठे असतो ते कळेल. आधी निरोप पाठव. नको म्हणाले तर पोलीस पाटलाच्या हाती पोचव आणि तेवढ्यावर थांब. या म्हणाले तर एकटी जाऊ नकोस. कणगीमागून काढ, चिखल पुसून घे, आणि आजींना विचार, त्या बरोबर येतात का.